परातीत उभं मुसळ

मी चंद्राबाईंच्या घरचं मुसळ बोलतोय. बाभळीचं अंग, तळाला लोखंडी कडं. तासगावच्या बाजूला एका द्राक्षाच्या गावात माझी हयात गेली. मिरची कांडली, हळद कांडली. पुढं गावात कांडपाचं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेलो.

आता माझी आठवण होते ती फक्त ग्रहणाला. परातीत पाणी घालायचं, मधोमध मला उभं करायचं. मी उभा तोवर ग्रहण, कलंडलो की सुटलं, असं इथं धरतात. खरं सांगू? माझा तळ सपाट आहे. नीट तोलून धरलं तर मी कुठल्याही दिवशी उभा राहतो. पण मला कुणी विचारलं नाही, आणि त्या मानाची मलाही चटक लागली होती.

ती भोवली क्रांतीला, चंद्राबाईंच्या सुनेला. लॉकडाऊनच्या जूनमधलं सूर्यग्रहण. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. क्रांतीला सहावा महिना, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. दीडच्या पुढं तिनं मोबाइल बघितला. ग्रहण सुटलं होतं. तिनं विळीवर एक काकडी चिरली, आणि नेमक्या चंद्राबाई आत आल्या.

"मुसळ उभं हाय की अजून! काय केलंस गं ह्ये?"

मी पडायला हवं होतं. मला पडता आलं नाही.

राणी जन्मली ती फाटक्या ओठानं. सांगलीच्या डॉक्टरांनी ओठ शिवला, ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, हेही सांगितलं. चंद्राबाईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन माझ्याकडं बोट दाखवलं. तेव्हापासून घरात कुणी ओरडत नाही, पण विळी घेताना क्रांतीचा हात थांबतो. कधी ती माझ्याकडं टक लावून बघत बसते. मला अंग चोरावंसं वाटतं.

यंदा तिला पुन्हा दिवस गेलेत. चैत्रात एकदा भर दुपारी सूर्याभोवती मोठं गोल खळं पडलं. सगळी आळी माना वर करून उभी. चंद्राबाईंनी सुनेला दंडाला धरून आत आणलं, दार लावलं, परात मांडली. मी उभा राहिलो.

"बघ. बाळात हुस्तवर आता इळीला हात लावायचा न्हाई. उंबऱ्याभाईर पाय न्हाई."

"आवं आत्या, वर पातळ ढगात बर्फाचं कण असत्यात. त्यातनं ऊन वाकतं, म्हणून कडं दिसतं. गरान न्हाई ते."

"मग ह्ये मुसळ खोटं बोलतंय व्हय?"

राणी ओठावर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन रखरखीत, आभाळात ढगाची चिंधी नाही. क्रांतीनं सासूला पाटावर बसवलं, परात मांडली, मला तोललं आणि हात काढून घेतला.

मी उभा राहिलो.

"आज कसलं गरान, आत्या?"

चंद्राबाई दारात जाऊन उन्हाकडं बघून आल्या. त्यांनी मला आडवं केलं आणि पुन्हा स्वतःच्या हातानं उभं केलं. तरी मी उभाच. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"दुपारचं अंधारून आलं हुतं त्या गरानात," त्या म्हणाल्या. सुनेला नव्हे, मला. "पयली खेप माझी. टोपड्याला दोन टाकं घातलं मी. कुणी बघितलं न्हाई, तू तेवढं उभं हुतंस." त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. "बाळात झाले, आन् तिसऱ्या दिशी गेलं माझं पोरगं. मीच मारलं म्हणून पंचेचाळीस वर्सं गिळून बसले. मग ते गेलं कशानं रं?"

क्रांतीनं त्यांना जवळ घेतलं. आता ती भाजी चिरते, अंगणात जाते. तिला कुणी अडवत नाही.

मी मात्र अजून परातीतच आहे. घरात कुणी नसलं की चंद्राबाई माझ्यासमोर येऊन बसतात आणि तेच विचारतात. मला ठाऊक नाही हो. तेव्हाही काही ठाऊक नव्हतं, मी नुसता उभा होतो. कुणीतरी मला आडवं करा.