चौथ्या आकड्यापाशी

तराजू म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दुकानातली दोन पारडी येतील. मित्रांनो, मी तसला तराजू नाही. माझ्यात कधी कुणी साखर तोलली नाही की सोने. एका काचेच्या हंडीत केसाहून बारीक धाग्याला टांगलेली आडवी दांडी आणि तिच्या टोकांना दोन छोटे गोळे, एवढाच माझा देह. विज्ञानसंस्थेच्या तळघरात मी फार वर्षे लटकतो आहे.

माझे काम नीट ऐका. हातातली वस्तू सुटली की खाली पडते, कारण पृथ्वी तिला ओढते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढत असते. पाटी पेन्सिलीला ओढते, तुम्ही शेजारी बसलेल्या मित्राला ओढता. ती ओढ इतकी नाजूक असते की कुणाला कळत नाही. मला कळते. माझ्याजवळ शिशाचे मोठे गोळे सरकवले की माझी दांडी किंचित वळते. दांडीवरच्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर सरकतो आणि त्यावरून ओढीचा आकडा काढतात. चंद्र, सूर्य, तारे सगळे या एकाच आकड्याने बांधलेले आहेत. तो एवढाच का, थोडा जास्त का नाही, हे कुठल्याही सूत्रातून निघत नाही. तो मोजावाच लागतो.

मला ताईने घडवले. तिच्या धाकट्या भावामुळे साऱ्या संस्थेतच तिला ताई म्हणत. तोही शास्त्रज्ञ, तिच्याच हाताखाली तयार झालेला. दारातून वाकून यावे लागेल एवढा उंच झाला, तरी ती त्याला टिल्लूच म्हणे. गारगोटी वितळवून तिचा धागा ओढायचे काम दोघे करत. एकाने ज्योत धरायची, दुसऱ्याने ओढायचे. किती धागे तुटले, त्याला गणती नाही. शेवटी एक टिकला. मी त्याच्यावर लोंबू लागलो तेव्हा दोघेही श्वास रोखून उभे होते, आणि मला पहिल्यांदा जाणवली ती त्या दोघांचीच ओढ. ताई डावीकडे होती, टिल्लू उजवीकडे.

कामाची वर्षे सुखाची होती. रस्त्यावरून जड गाडी गेली तरी मी थरथरे. गच्चीवरची टाकी भरली की ठिपका हलतो, हे टिल्लूने शोधले. मग मोजणीच्या वेळी पाणी भरायचे नाही, असा हुकूम निघाला आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांनी आम्हाला पाण्यात पाहायला सुरुवात केली. अखेर आकडा हाती आला. लांबून लांबून शास्त्रज्ञ आले, काचेला नाक लावून मला पाहून गेले. ताईचे नाव झाले.

टिल्लूला दुसऱ्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. तिथे त्याने दुसऱ्या पद्धतीचा तराजू बांधला आणि त्याचा आकडा आला. त्या संख्येतले पहिले तीन आकडे माझ्यासारखेच होते. चौथा वेगळा होता.

तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्याने काय होते? पण दोघांची मोजमापे त्या फरकापेक्षा कितीतरी नेमकी होती. दोन्ही बरोबर असणे शक्यच नव्हते. टिल्लू स्वतः आला. दोघांनी माझे सगळे हिशेब दिवसभर तपासले. चूक सापडेना. दोघेही दमले होते, आणि दमलेली माणसे नको ते बोलतात.

"ताई, तुला जो आकडा हवा असतो, तोच तुला दिसतो," टिल्लू म्हणाला.

ताईने हिशेबाची वही मिटली आणि म्हणाली, "असं वाटत असेल तर इथे येत जाऊ नकोस."

तो आला नाही. बहीणभावाचे बोलणे तुटले. त्यांचे वडील गेले तेव्हा दोघे एकाच खोलीत दोन टोकांना बसून होते, असे ताईने काचकाम करणाऱ्या कारागिराला सांगितले. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर ताईला त्या आकड्याने झपाटले. नेमके घोडे कुठे पेंड खाते आहे, हे शोधण्यासाठी तिने मला कितीदा उलगडले आणि पुन्हा बांधले. गोळे बदलले, हंडी बदलली, भिंती झाकल्या. दर वेळी मी तोच आकडा दिला. मधल्या काळात जगात आणखी तराजू झाले. काहींचे आकडे माझ्याजवळ आले, काहींचे टिल्लूच्या यंत्राजवळ, तर काही भलतीकडेच गेले. लोकांचा उत्साह ओसरला. "चौथ्या आकड्यावाचून कुणाचं अडलंय?" असे संस्थेचे नवे प्रमुख हसत म्हणाले आणि तळघराच्या दुरुस्तीचे काम पुढे ढकलले. भिंतीला ओल आली. माझ्या हंडीवर धूळ बसू लागली.

ताई माझ्यासमोर बसून राही. एकदा ती हळूच मला म्हणाली, "जिन्यावर पाय टाकताना हल्ली भीती वाटते रे. खालची जमीन मला किती ओढते, हेच मला नक्की सांगता येत नाही. इतकी वर्षं मी काय मोजलं?" मला फक्त वळता येते.

मग एका सकाळी तळघरातला फोन वाजला. टिल्लूचा होता. ताईने नुसते "बोल" म्हटले आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आण. पण तुझं यंत्र मी चालवणार. माझं तू चालव."

टिल्लू आपल्या यंत्राच्या पेट्या घेऊन आला. केस पिकले होते. त्याने दाराशी वाकून आत पाहिले, आणि ताईने त्याच्या हाती फडके दिले. त्याने माझ्यावरची धूळ पुसली. मग महिनोन्‌महिने दोघे शेजारी काम करत राहिले. एकमेकांना आकडे सांगायचे नाहीत, असे ठरले होते. टिल्लूने माझ्यात चूक शोधण्यासाठी जिवाचे रान केले, तितकेच ताईने त्याच्या यंत्रात.

शेवटी दोघे टेबलाशी बसले. टिल्लूच्या हातून मी ताईचाच आकडा दिला होता. त्याच्या यंत्राने ताईच्या हातून त्याचाच.

"म्हणजे तू मनाचं मोजत नव्हतीस," टिल्लू म्हणाला.

"तूही नाही."

"मी तुला फार वाईट बोललो होतो, ताई."

"हो, बोललास," ती म्हणाली. तिने त्याचा हात हातात घेतला. "आणि मी तुला हाकललं. टिल्लू, आपलं दोघांचं चुकलं नसेल, तर मग हे आहे काय?"

भांडण मिटले होते, तरी खोलीत कुणी मोकळा श्वास घेतला नाही. इतके दिवस दोघांना वाटत होते की दोष समोरच्याचा आहे. आता दोष कुठे आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ताई गेली. उत्तर न कळता गेली.

टिल्लू आता याच शहरात राहतो. तिच्यामागे त्याने मला पुन्हा सुरू केले, तेव्हा माझी दांडी मूळ जागी येईना. शिशाचे गोळे दूर नेले, तरी ती अगदी किंचित डावीकडे वळून राहिली. त्याने त्या बाजूचे कपाट हलवले, टेबल हलवले. काही फरक पडला नाही. "धागा थकला असेल," तो स्वतःशी म्हणाला. जुन्या धाग्यांना असे होते, हे खरे आहे. माझ्यापुरते विचाराल तर मला ठाऊक नाही. ताई उभी राहायची तिथे आता रिकामी जागा आहे, आणि मी तिकडे वळतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला निरुपयोगी म्हणून भंगारात काढू नका. आणि तुमच्या वहीत कधी न जुळणारे उत्तर आले, तर ते घाईने खोडू नका. दुसऱ्याचे वेगळे आले म्हणून त्याला खोटे ठरवू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याचे काम आपल्या हाताने करून पाहा. आपली माणसे हयात असताना हे करा. विश्वाला उत्तर द्यायची घाई नाही, माणसांना मात्र तेवढा वेळ नसतो.

टिल्लू रोज येतो, दिवा लावतो, ठिपक्याकडे पाहत बसतो. शेजारी त्याचे यंत्रही लटकलेले असते. आम्ही दोन्ही यंत्रे आपापला आकडा सांगत राहतो. आमच्यातले एक चुकते आहे, किंवा दोन्ही. आणि आम्ही दोघेही चुकत नसू, तर त्या चौथ्या आकड्यापाशी काय दडले आहे, याचा विचार करायला मी एकटा असताना धजत नाही.