जपानी खेळ आणि कोरा रकाना

शेवगावच्या वक्तृत्व स्पर्धेचा अर्ज भरताना मी एक रकाना कोरा ठेवला होता: मार्गदर्शक शिक्षकाचे नाव. भाषणातलं एकही वाक्य माझं नव्हतं. मी रसायनशास्त्र शिकवते. बाटलीत जे नाही, ते बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहीत नाही.

भाषण सृष्टीचं होतं. ती माझ्या अकरावीच्या वर्गात आहे. तिच्या वडिलांचं, कल्याणरावांचं, तिसगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी टीव्हीला जोडायचं खेळांचं यंत्र तिथे दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही. यंत्रासोबत सोळा खेळ होते, बहुतेक 'आरपीजी', म्हणजे एखाद्या पात्राच्या अंगात शिरून साठ-सत्तर तास एक लांबलचक गोष्ट जगायचे. काही जपानमध्ये बनलेले, काही अमेरिका-युरोपात. सृष्टीने मांडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन ते सगळे पुरे केले आणि मुक्त विषय गटासाठी विषय दिला: 'जपानी आणि पाश्चात्त्य आरपीजी, एक तुलना'.

आमच्याकडे भाषणं शिक्षक लिहितात. मुलं पाठ करतात. कोणत्या शब्दाला हात वर करायचा, तेही कागदावर लाल पेनाने लिहिलेलं असतं. बक्षीस वाटताना विजेत्याच्या नावापाठोपाठ मार्गदर्शकाचं नाव पुकारतात आणि तेच महाविद्यालयाच्या अहवालात छापून येतं. स्पर्धेच्या सकाळी सृष्टीच्या आधी तीन मुलांनी 'वृक्ष' या शब्दाला उजवा हात वर केला. तिघांचे शिक्षक निराळे होते, कागद बहुधा एकच.

सृष्टी उठली आणि व्यासपीठाला वंदन वगैरे न करता सरळ सुरू झाली.

"पाश्चात्त्य खेळ सुरू केला की तो पहिल्यांदा विचारतो, तू कोण? नाक कसं पाहिजे, डोळे कसे, योद्धा होणार की चोर? नुसतं नाक ठरवायला मला पाऊण तास लागला. जपानी खेळ काही विचारत नाही. तो सांगतो, हा मुलगा आहे, हे त्याचं गाव आहे, सकाळ झालीय आणि आई हाका मारतेय, ऊठ."

लोक हसले. ती थांबली नाही. दोन्हींचं मूळ एकच, कागदावर फासे टाकून खेळायचे अमेरिकन खेळ, हे तिने सांगितलं. ते आधी तिकडच्या संगणकांवर गेले, मग जपान्यांनी ते उचलून टीव्हीच्या यंत्रावर आणले. तिथे हातात मोजकीच बटणं, म्हणून त्यांनी निवडी कमी केल्या आणि गोष्ट वाढवली. पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, "जपानी खेळात मी नायकाला एक पेरूसुद्धा चोरायला लावू शकत नाही. हा त्याचा दोष आहे आणि मी तो लपवणार नाही." आजकाल दोन्हीकडचे एकमेकांचं उचलतात, त्यामुळे ही रेघ पुसट होत चाललीय, असं सांगून ती खाली बसली. हात एकदाही वर गेला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत आम्हाला परीक्षकांच्या खोलीत बोलावलं. मी, सृष्टी आणि तिच्या मागोमाग, कोणी न बोलावता, कल्याणराव.

मुख्य परीक्षक यज्ञेश्वर सर निवृत्त मुख्याध्यापक. शर्टाच्या खिशात तीन पेनं, तिन्ही टोपणासकट. त्यांच्या शेजारी अनीश सर, संगणकशास्त्राचे तरुण प्राध्यापक.

"मॅडम, अर्ज अपुरा आहे," यज्ञेश्वर सर म्हणाले आणि माझ्यापुढे पेन ठेवलं. "तेवढं नाव लिहा. दुसरा क्रमांक येतोय तिचा. नगरच्या फेरीला जाईल."

"सर, मी तिला मार्गदर्शन केलं नाही."

"अहो, नम्रता पुरे. भाषण कोणीतरी लिहिलंच असणार ना?"

"मी लिव्हलंय," सृष्टी म्हणाली.

यज्ञेश्वर सरांनी तिच्याकडे न बघता मलाच विचारलं, "मग इंटरनेटवरून उतरवलंय का? मार्गदर्शक नाही म्हणजे दुसरा अर्थ काय काढायचा आम्ही? नाव असेल तर जबाबदारी तुमची. नसेल तर भाषण बाद धरावं लागेल."

पेन माझ्यासमोर होतं. सही करायला दोन सेकंद लागले असते आणि पोर नगरला गेली असती. नऊ वर्षांच्या नोकरीत अशा सह्या मी केल्या आहेत. प्रयोगवहीत न झालेल्या प्रयोगांवरसुद्धा. मी पेनाकडे हात नेला, हे खरं आहे.

"मॅडम, न्हाई," सृष्टी म्हणाली. "तुमी नाव लिव्हलं तर ते तुमचं होईल. मग मी नगरला जाऊन काय करू? तुमचं भाषण म्हणू?"

"ए, नीट बोल मोठ्यांशी," यज्ञेश्वर सर म्हणाले.

"नीटच बोलतीये की ती," दारातून कल्याणराव म्हणाले. "तीन वरीस टीव्ही अडवून बसलीय. बातम्या बघायला मी शेजारी जातो. आन आता म्हनं, लिव्हलं दुसऱ्यानं!"

मी हात मागे घेतला. "सर, चोरीचा संशय असेल तर तपासा. तिला विचारा. पुराव्याशिवाय बाद करता येणार नाही."

यज्ञेश्वर सरांनी चष्मा काढून पुसला. "अनीशराव, तुम्हाला यातलं कळतं ना? विचारा."

अनीश सर खुर्चीत पुढे सरकले. त्यांना हे सकाळपासून हवंच होतं असं वाटलं. "मी पाश्चात्त्यच खेळतो. जपानी खेळात माझं काय असतं सांग. शेवट ठरलेला, पात्र ठरलेलं. मी फक्त बटण दाबून पुढचं पान उलटायचं. याला 'भूमिका' म्हणायचं?"

"सर, तुमी शेवटच्या खेळात कोन झालता?"

"चोर."

"काय चोरलं?"

"दुकानातून तलवार. पहारेकऱ्याने पकडलं, दंड भरला, सुटलो."

"परत त्याच दुकानात गेलता?"

"गेलो की."

"दुकानदार काय म्हनला?"

अनीश सर हसायला लागले. "म्हणाला, 'या, काय दाखवू?'"

"आमच्या तिसगावात चोरलं असतं ना, तर तुमच्या नातवाला सुदिक सांगितलं असतं, तुजा आजा चोर हुता. तुमाला चोर व्हायची निवड दिली सर, पन कुनाला फरकच पडला न्हाई."

"सगळे तसे नसतात," अनीश सर म्हणाले. "चांगल्या खेळांत एका निवडीने अख्खं गाव उलटतं."

"व्हय. सोळातल्या दोन खेळांत उलटलं. ते दोन मला लई आवडले."

"मग जपानी बाजू सांग. खरं घडलेलं सांग, भाषणातलं नको."

"एका खेळात माझ्यासंगं एक म्हातारा वैद्य हुता. तीस तास त्याला सांभाळला. सगळी औषधं त्याच्याच झोळीत दिली. मधीच गोष्टीत तो म्हनला, माझी वाट येगळी, आन गेला. झोळी घेऊन! मला कुनी विचारलं न्हाई. पुढं गुहेत औषधावाचून चार वेळा मेले." तिचा आवाज अजूनही रागाचा होता. "निवड माझी नव्हती सर. राग माझा हुता. तो खेळानं मला आयता दिला न्हाई, तीस तास लावून माझ्यातनंच काढून घेतला. म्हनून मी त्याला भूमिका म्हनते."

अनीश सरांनी गुणपत्रिका ओढली. म्हणाले, "मला पटलं नाही. मी पाश्चात्त्यच खेळणार. पण हे हिचंच आहे, उतरवलेलं असं बोलत नाही. माझे गुण बदलणार नाहीत."

"पण अर्ज?" यज्ञेश्वर सर म्हणाले. "कोरा अर्ज मी पुढे कसा पाठवू?"

मी अर्ज ओढून घेतला. "सर, सक्तीच्या रकान्यांपुढे फुली आहे. नाव, वर्ग, विषय, महाविद्यालय. याच्यापुढे नाही. तरी कोरा नको असेल तर भरते." मी त्यांचंच पेन उचलून लिहिलं: कोणी नाही. खाली सही केली, तारीख टाकली.

त्यांनी ते दोनदा वाचलं. फुल्या बोटाने मोजल्या. "नियमात बसतं," ते म्हणाले, आणि तसं बसणं त्यांना अजिबात आवडलेलं दिसलं नाही. "पण मॅडम, तुमच्या प्राचार्यांना काय सांगाल? अहवालात काय छापणार?"

"हेच."

संध्याकाळी पाच वाजता बक्षीस समारंभ झाला. पहिल्या रांगेत सगळे मार्गदर्शक शिक्षक बसले होते. मी मागे कल्याणरावांजवळ बसले. यज्ञेश्वर सर ध्वनिक्षेपकाशी आले. तिसरा क्रमांक, मार्गदर्शक अमुक. टाळ्या. मग दुसरा.

"सृष्टी कल्याण," त्यांनी वाचलं, महाविद्यालयाचं नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला.

सृष्टी वर गेली. प्रमाणपत्र घ्यायला हात पुढे केला नाही. ध्वनिक्षेपक मधेच होता, त्यामुळे तिचं बोलणं सभागृहभर ऐकू आलं.

"सर, पुढचं ऱ्हायलं. सगळ्यांचं वाचलं, माझंबी वाचा."

यज्ञेश्वर सरांनी तिच्याकडे पाहिलं. नियमाचा माणूस. त्यांनी कागद पुन्हा उचलला, घसा साफ केला.

"मार्गदर्शक," ते म्हणाले, "कोणी नाही."

पहिल्या रांगेतून एकही टाळी आली नाही. मागच्या मुलांनी मात्र बाकं वाजवायला सुरुवात केली.