नर्सबाईंची सायकल

मित्रांनो, माझी चेन गंजली आहे, हँडल वाकडं झालं आहे. तरी मी सायकलच आहे, आणि अजूनही नर्सबाईंचीच.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखादा तरणाबांड स्वार मिळेल. मिळाल्या नर्सबाई! अंगानं भरलेल्या, बडबड्या, चढ आला की मलाच दटावणाऱ्या. "चल गं बये, बाळ काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" बाळंतिणीला तपासायचं, बाळाचं वजन करायचं, पिशवी उचलून पुढच्या दारी. लोक लांबूनच माझी घंटी ओळखत.

बाई सुईला भीत नसत, रक्ताला भीत नसत. कुत्र्याला मात्र भयंकर भीत. कुत्रं दिसलं की आम्ही बोळ बदलायचो. लेक हसायची, "आई, आज कुठून जगप्रदक्षिणा?"

मग युद्ध आलं. आभाळात काहीतरी सारखं घुंऽघुं करायचं. बाई म्हणायच्या, "बघू दे बघायचं तर. आपल्या पिशवीत काय, वजनकाटा!"

एका सकाळी त्यांनी मला भिंतीला टेकवलं आणि समोरचं दार वाजवलं. दार, पायऱ्या, बाई, आतलं चार दिवसांचं बाळ, सगळं एका आवाजात गेलं. मला अजून ते खरं वाटत नाही.

पुढे चौकशीला लष्करातले एक साहेब आले. लेक माझ्याजवळच उभी होती.

"काय केलं होतं माझ्या आईनं?"

"यंत्रानं आकाशातून माग काढला होता," साहेब म्हणाले. "घरोघरी थोडाच वेळ थांबायच्या, पिशवी न्यायच्या, रोज रस्ता बदलायच्या. शत्रूचे निरोप पोचवतात, असं त्यानं ठरवलं."

"अहो, ती कुत्र्याला भ्यायची हो!"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "यंत्राला... कुत्री शिकवली नव्हती."

"आणि माणूस? हल्ल्याला हो म्हणणारा माणूस कुणी होता की नाही?"

"होता ना. यंत्र सहसा चुकत नाही, म्हणून त्यानं हो म्हटलं."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, याहून हुशार यंत्रं बनवाल. जरूर बनवा. त्यांना बाळाचा ताप ओळखायला शिकवा. पण कुणाचा जीव घ्यायचा, हे त्यांच्यावर सोपवून मोकळे होऊ नका. त्या बोळात कुठल्याही दारी विचारलं असतं, 'ही बाई कोण?', तर बाईंच्याच हातांवर जन्मलेलं शेंबडं पोरसुद्धा धावत सांगायला आलं असतं.

कुणी विचारलंच नाही.