दुसरा थेंब

ताईचं पत्र पाच महिने माझ्या शब्दकोशात पडून होतं. चार ओळींचं पत्र. ‘न्हाणीघरात पडलास हे कळलं. डोळे असे, त्यात चक्कर. खोली सोड, पुस्तकं कुणाला तरी देऊन टाक आणि इकडे ये. औषध मी घालत जाईन. तुला जमायचं नाही.’

शेवटचं वाक्य तिने मला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्याला उत्तर देता येतं हेच मी विसरलो होतो. शिवाय तिचं खरंही असेल. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढल्या. पण स्वतःबद्दल एक वाक्य खात्रीने लिहायची वेळ आली की माझा हात अडतो.

मग भाचा मला काचबिंदूच्या तपासणीला घेऊन गेला.

“डोळ्यांतला दाब सत्तावीस,” डॉक्टर म्हणाले. “औषध घालताय ना?”

“दोन्ही बाटल्या. सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चुकवलेला नाही.”

“मामा, खरं सांगा,” भाचा म्हणाला, जणू मी शेजाऱ्याची काच फोडली होती.

डॉक्टरांनी कागदावर काळी कड काढून दाखवली. डावीकडची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. उरलेली राखायची, तर दाब उतरायलाच हवा होता.

“आम्ही यांना आईकडेच नेतोय,” भाच्याने सांगून टाकलं. “रविवारी खोली बघायला माणसंही येताहेत.”

हे मला तिथेच कळलं. माझ्या खोलीला गिऱ्हाईक, आणि मी अजून तिच्यात राहतोय!

“माझं औषध मी माझ्या हाताने घालतो,” मी म्हणालो. आवाज चिरकला, पण निघाला.

“मग घालून दाखवा,” दारातली नर्स म्हणाली. ठेंगणी, करड्या आवाजाची बाई. तिने शेजारच्या खोलीत नेऊन साध्या पाण्याची सरावाची बाटली हातात दिली.

मी मान मागे टाकली. नेम चुकू नये म्हणून बाटलीचं टोक पापणीला टेकवलं. एक थेंब. लगेच दुसरा.

“हे काय? एकाला दोन?”

“दुसरा खात्रीसाठी. आमच्याकडे एका वाचनावर कधी छापत नसत.”

“आणि दुसरी बाटली?”

“तीही लगेच. तिचेही दोन.”

“धन्य आहे! आजोबा, डोळ्यात एकच थेंब जेमतेम मावतो. दुसरा पहिल्याला हाकलून देतो. अर्धं औषध तुम्ही गालाला पाजताय, आणि बाकीचं नाकातून रक्तात. चक्कर येते का?”

भाच्याने आणि मी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

तिने नाडी धरली आणि डॉक्टरांना हाक मारली. नाडी मंद होती; ते औषध रक्तात गेलं की ती मंदावते. त्यांनी हृदयाचा आलेख काढायला लावला, तो पाहिला आणि बजावलं, “एकच थेंब. मनाने वाढवायचं नाही, मनाने बंदही करायचं नाही. आठवड्याने नाडी दाखवा.”

मग नर्सने शिकवलं. आधी हात धुवायचे. खालची पापणी ओढून खळगा करायचा. टोक कुठेही टेकवायचं नाही, जंतू बाटलीत जातात; घरच्या बाटल्या टाकून नव्या उघडायच्या. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरी बाटली पाच मिनिटांनी.

टोक न टेकवता माझा हात थरथरू लागला. एक थेंब गालावर, एक कानात.

“म्हणून म्हणतो मामा, आई असली की...”

“तू जरा गप्प बस.”

उभ्या आयुष्यात हे मी कुणालाही म्हटलं नव्हतं.

छापखान्यात मुद्रिताच्या समासात बारीक खुणा करताना मी करंगळी कागदावर टेकवत असे. त्याशिवाय निब थरथरायचीच. मी मनगट कपाळावर टेकवलं. बाटली स्थिर झाली. थेंब खळग्यात पडला.

“हे कुठे शिकलात?” नर्सने विचारलं.

“कागदावर.”

“उद्यापासून सगळ्यांना हेच सांगते.”

रविवारी नवरा-बायको खोली बघायला आले. मी दारातच उभा राहिलो. “खोली रिकामी नाही. मी आहे,” म्हणालो आणि दार लावलं.

काल पुन्हा तपासणी झाली. दाब सोळा. चक्कर तर कधीच थांबली होती. घरी येऊन शब्दकोशातून पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं.

‘ताई, उत्तराला उशीर झाला. खोली सोडत नाही. पुस्तकंही इथेच राहतील. औषध मी घालतो, आणि जमतं. तुझ्याकडे पाहुणा म्हणून येईन आणि परत जाईन.’

सवयीने ते दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. मग थांबलो. एकदा वाचलं होतं. पाकीट बंद केलं.

आमच्या रस्त्यावरची टपालपेटी डाव्या हाताला आहे, म्हणजे मला न दिसणाऱ्या बाजूला. मान पूर्ण वळवून ती शोधली, बोटांनी तिचं तोंड चाचपलं. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.