आक्काच्या छपराचे स्क्रू

समुद्रकाठच्या घरांवर पत्रे बसवतो म्हटलं, की लोक माझ्याकडे पाकीटमाराकडे बघावं तसं बघतात. "टिकेल ना? नक्की? मागच्यानेही असंच सांगितलं होतं!" अहो, मग मागच्यालाच विचारा ना! परक्यांचं सोडा, माझी सख्खी थोरली बहीण यात सगळ्यांच्या पुढे.

आक्का घरीच शिवणकाम करते. दारातून समुद्र दिसतो, आणि खाऱ्या हवेने तिच्या जुन्या लोखंडी पत्र्याची पार चाळणी करून टाकली होती. शिलाई मशीनवर, लोकांच्या कपड्यांवर तांबडं पाणी ठिबकायचं. "आणखी एक कपडा डागाळला ना, तर माझ्याकडे कुत्रंही फिरकणार नाही," ती म्हणाली. "आणि तू बसवलेलं गळलं, तर गावभर तुझी अब्रू काढीन."

तिला रंगीत लोखंडी पत्रा आवडला होता. मी म्हटलं, कापलेल्या कडेला रंग नसतो, तिथूनच गंज शिरतो. सिमेंटचा पत्रा जड, तिचे वासे वाकले असते. शेवटी ॲल्युमिनियम ठरलं. पत्रे आले त्या दिवशी बाईसाहेब टाचण्या वेचायचा लोहचुंबक घेऊन हजर! एकेका पत्र्याला लावून बघितला.

"चिकटत नाही," ती डोळे बारीक करून म्हणाली.

"म्हणजे लोखंड नाही. आता तरी पटलं?"

"बघू."

हा 'बघू' मी जन्मापासून ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी मला दुसरीकडे मोजमापं घ्यायची होती, म्हणून पत्रे माझ्या माणसांनी बसवले. स्क्रूचा डबा आदल्या दिवसापासून आक्काकडेच होता. स्क्रू नेहमीप्रमाणे बोल्टकडचे, खास स्टेनलेसचे. बोल्ट म्हणजे खिळे-स्क्रूच्या दुकानाचा मालक. माझ्याकडे स्वतःची शिडीसुद्धा नव्हती, तेव्हापासूनचा माझा दोस्त.

वर्ष उलटलं नाही तोच आक्काचा फोन. "ये. बघ तुझी करामत!"

गेलो, वर चढलो आणि डोकंच फिरलं. प्रत्येक स्क्रू तांबडा, आणि त्याच्याभोवती पत्रा पांढरा पडून भुसभुशीत झालेला. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला साधं लोखंड टेकलं की हेच होतं. खाली आक्का शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने बोलत होती, "सख्खा भाऊच लुटतो, तिथे परक्याला काय बोलायचं!"

मी तडक बोल्टचं दुकान गाठलं. चार माणसं उभी होती, तरी मी गंजका स्क्रू काउंटरवर आपटला. "स्टेनलेस म्हणून हे गळ्यात मारलंस? मला? दोस्त म्हणून डोळे झाकून माल उचलतो, त्याचं हे फळ? चोर साला!"

एक बाई हातातला माल ठेवून निघून गेली.

बोल्टने स्क्रू उचलून बघितला. आवाज चढवला नाही. "माझ्या स्क्रूंना लोहचुंबक चिकटत नाही," तो म्हणाला. "याला लावून बघ. मग बोल."

"बघतोच!"

लोहचुंबक म्हटल्यावर आक्काच आठवली. तसाच तिच्या घरी परतलो. "दे तो इकडे," मी तिला म्हणालो. "आज त्या भामट्याला उघडा पाडतो." तिने दिला. स्क्रू टपकन चिकटला.

"बघितलंस? फसवलं त्याने!"

आक्का काही बोलेना. तेच मला खटकलं. जिला मिठाची पुडीसुद्धा संशयाशिवाय घेता येत नाही, ती गप्प?

"आक्का, काय केलंस?"

तिने उठून बटणांचा डबा उघडला. आत माझे स्टेनलेसचे स्क्रू, कोरे करकरीत.

"चिकटेनात रे ते," ती म्हणाली. "पत्रा चिकटला नाही, कबूल. पण स्क्रूसुद्धा? म्हटलं, हे काहीतरी मऊ, पोकळ काम आहे. वाऱ्याने छप्पर उडालं असतं. म्हणून बाजारातून चांगले चिकटणारे आणून तुझ्या डब्यात भरले. उगीच वाद नको म्हणून बोलले नाही."

तिच्यावर ओरडणार होतो, पण कुठल्या तोंडाने? तिने निदान लावून तरी बघितलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

"होईल ना रे दुरुस्त?" तिने हळूच विचारलं.

"भोकं मोठी झालीत. हे स्क्रू आता नाही चालायचे. जाड लागतील, रुंद रबरी वॉशर घालून."

आणि ते मिळणार बोल्टकडेच. जिवावर आलं होतं, पण गेलो.

"चूक झाली, यार," मी म्हणालो. "आक्काने बदलले होते. मी उगाच तुला सगळ्यांसमोर..."

"होतं असं." मी सांगितलेल्या जाड स्क्रूंचं पाकीट काढून त्याने काउंटरवर ठेवलं. मग ड्रॉवर उघडून लोहचुंबक काढला आणि पाकिटाशेजारी ठेवला.

"हा कशाला?"

"लावून बघ. गिऱ्हाइकाची खात्री झालेली बरी."

इतक्या वर्षांत त्याने मला कधी गिऱ्हाईक म्हटलं नव्हतं.