दारातला पांगारा

"जा की दोन दिवस साताऱ्याला, एकटीच. निवांत चित्रं काढ," माझा नवरा जयराज म्हणाला, तेव्हा मला भरून आलं. पंधरा वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. आष्ट्याच्या स्टँडवर सोडायलाही स्वतः आला.

आमच्या दारातला पांगारा मी वर्षभर रोज काढत होते. खोड काही जमत नव्हतं. साताऱ्यात अजिंक्यतारा काढताना एकदम उमगलं, की बाहेरची रेघ ओढायचीच नसते. सावली भरत गेलं की आकार आपोआप उभा राहतो. लॉजवर बसून आठवणीनं पांगारा काढला. हुबेहूब उतरला! लगेच जयराजला फोटो पाठवला. त्याच्याकडून नुसता अंगठा आला.

घरी परतले तर दार उघडंबोडकं. पांगाऱ्याच्या जागी आमची गाडी उभी होती आणि चाकांखाली ओला भुसा.

"आवं, हे काय केलंत? मला विचारायचं तरी!"

"तू तोडू दिलं असतंस व्हय?" तो गाडी पुसत म्हणाला. "आन् आता तुला न बघता काढता येतंय की. मग झाड कशाला पायजे?"