चुन्नीलालची गादी

चुन्नीलाल कटरेचा जगात कोणावर भरवसा नव्हता, आणि ही गोष्ट तो लपवतही नसे. कोहमाऱ्याच्या चौकात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. कंपनीची सीलबंद बॅग आली तरी तो ती काट्यावर चढवून बघे. बियाण्याची पिशवी उजेडात धरून उलटीपालटी करी. दूधवाल्याला तर त्याने एकदा त्याच्याच दुधाचा पेला प्यायला लावला होता. हमाल, ड्रायव्हर, बँकेतला बाबू, बायकोचे भाऊ, कोणीही या तपासणीतून सुटलं नव्हतं. सुटला होता तो एकटा मुलगा, ओमेश.

त्याला तसं कारण होतं. दीडेक वर्षामागे चुन्नीलालच्या छातीत दुखायला लागलं आणि त्याला गोंदियाच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा ओमेश नागपूरची नोकरी सोडून घरी आला तो आलाच. त्याला कोणी ये म्हटलं नव्हतं. तेव्हापासून तो दुकानात उभा राहून माल काढून देई, आणि चुन्नीलाल गादीवर बसे.

ही गादी म्हणजे नुसती बसायची गादी नव्हे. आसपासच्या दुकानांत टेबल-खुर्च्या आल्या, काचेच्या केबिन झाल्या, पण चुन्नीलालच्या गल्ल्याशेजारी पांढऱ्या खोळीची जाड गादी आणि मागे लोड हे त्याच्या बापाच्या वेळेपासून तसंच होतं. दुकान कोणाचं हे विचारायचं झालं तर लोक 'गादीवर कोण हाय?' असंच विचारत. चुन्नीलालला या प्रश्नाचं उत्तर फार आवडे.

जानेवारीतली गोष्ट. उन्हाळी धानाच्या रोवण्या चालू होत्या आणि युरियासाठी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुपारी चुन्नीलाल गल्ल्याला कुलूप घालून लवकर जेवायला घरी गेला आणि गुरांच्या कोठ्याकडच्या दाराने आत शिरला. आधीच जेवायला आलेला ओमेश आपल्या खोलीत फोनवर बोलत होता. दार लोटलेलं होतं. चुन्नीलालने चपला काढल्या आणि तो तिथेच थांबला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये वगैरे विचार त्याला शिवले नाहीत. समोरासमोर माणूस खरं बोलत नाही हे त्याचं पक्कं मत होतं.

"हो बे, उघडून पाह्यलं मी," ओमेश सांगत होता. "गादीच खराब हाय. लय जुनी झाली ना. पुरी वाळून गेली. आता काही उपेगाची नाही राह्यली, नुसती जागा धरून बसली हाय."

चुन्नीलालच्या पायाखालची जमीन सरकली.

"नाही, जोर नको लावू. एकदम ओढली त खालचंच उखडून येईन. आधी थोडी गरम करू, मंग आपोआप सुटते. नवी नागपूरवरून येऊन राह्यली ना? आली का मले सांग. आन बाबाले सांगू नको बरं. त्याइले माहीत पडलं त घरात महाभारत होईन."

पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला आणि ओमेश हसला. त्या हसण्याने चुन्नीलालचं काळीज चिरलं. तो आला तसा चपला हातात घेऊन परत गेला आणि उपाशीपोटी गादीवर जाऊन बसला.

रस्त्यापलीकडे त्याच्या चुलतभावाचं, टेकचंदचं, हार्डवेअरचं दुकान होतं. चुन्नीलालचा टेकचंदवरही भरवसा नव्हता, पण पोटात मावत नाही ते कोणाला तरी सांगावं लागतंच. टेकचंदने सगळं डोळे मिटून ऐकलं. असल्या गोष्टी त्याला जेवणापेक्षा गोड लागत.

"गरम करून म्हने?" तो म्हणाला. "मंग सरळ हाय. तुले भडकवतीन. तू चार लोकाइसमोर आरडाओरड केली का म्हनतीन, बुढ्याचं डोस्कं सटकलं, छातीचा पेशंट हाय, आता घरी बसवा याले."

"आन नागपूरवरून काय येऊन राह्यलं?"

"नवी गादी. खुर्ची असन एखादी, गोल फिरणारी. नाही त वकिलाचा कागद असन."

झालं. आता चुन्नीलालला जिकडे तिकडे पुरावे दिसू लागले. ओमेशने दुकानातली स्टीलची पट्टी खिशात टाकून घरी नेली. मोजमाप चालू आहे! ओमेश संध्याकाळी म्हणाला, "बाबा, तुमी जा घरी, आराम करा, मी बसतो." बसतो म्हणे! चुन्नीलालच्या बायकोने, रुख्मिणीने, ओमेशला शेजारणीकडचं केस वाळवायचं यंत्र आणून दिलं, तेही चुन्नीलालने पाहिलं. पोराला चार बोटं केस, त्याला ते यंत्र कशाला? याचा काही अर्थ त्याला लागला नाही, पण रुख्मिणीही त्यांच्यात सामील आहे एवढं त्याने मनात पक्कं केलं.

"अजी, जेवाले घरी काऊन नाही आले?" तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "डबा पाठवत जा. मी गादीवरून हालत नाही आता."

"काऊन? चिकटले का तिथं?"

त्याने बायकोकडे असं काही बघितलं की ती बिचारी पोळ्या करायला निघून गेली.

दुसरीकडे त्याने टेकचंदचा सल्लाही मनावर घेतला होता. हे लोक आपल्याला गरम करणार, तर आपण गार राहायचं. एरवी दिवसातून दहादा खेकसणारा चुन्नीलाल एकदम मऊ बोलू लागला. उधारी मागायला आलेल्या शेतकऱ्याला त्याने 'बसा भाऊ, पानी घ्या' म्हटलं. तो शेतकरी इतका घाबरला की उधारी न घेताच गेला. ओमेशने बापाला दोनदा विचारलं, "बाबा, तब्येत ठीक हाय ना? दवाखान्यात जायचं का?" चुन्नीलालने दात दाखवून मान हलवली. दवाखानाही यांनी ठरवून ठेवलाय, तो मनात म्हणाला.

हे सोंग शनिवारी फुटलं. युरियाची गाडी आली होती. पंचवीस-तीस माणसं दुकानात दाटली होती. एक पोतं फाटून त्यातले दाणे उडाले आणि थेट गादीवर पडले. ओमेश घाईघाईने आला. त्याच्या मनात काही असायचं कारणच नव्हतं.

"बाबा, जरा उठा ना," तो म्हणाला. "गादी बदलून टाकतो. लय खराब झाली."

त्याला खोळ म्हणायचं होतं. तो गादी म्हणाला.

"नाही उठत!" चुन्नीलाल असा ओरडला की बाहेर उभे असलेले ट्रॅक्टरवाले आत डोकावले. "मी जित्ता हाय अजून! मले सारं माहीत हाय तुमी दोघं-तिघं मिळून काय करून राह्यले त. जुनी झाली, वाळून गेली, नुसती जागा धरून बसली, हे तूच म्हनला ना? नागपूर सोडून तू कायले आला ते आता समजलं मले. बाप कवा मरते आन मी कवा बसतो! आजपासून मले इचारल्याबिगर गल्ल्याले हात लावायचा नाही. चोराच्या हाती दुकान नाही देत मी!"

ओमेशच्या हातात तशीच धुतलेली खोळ होती. त्याचा चेहरा पांढरा पडला.

नेमका त्याच वेळी गर्दीतून वाट काढत स्वप्निल आला. चौकातच त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो ओमेशचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने एक लहानसं पाकीट उंच धरलं होतं.

"ओमेश, आली बे गादी! नागपूरवरून!"

चुन्नीलालने गादीवरून झेप घेऊन ते पाकीट हिसकावलं आणि टराटरा फाडलं. आत तळहाताएवढा, निळसर, रबरासारखा मऊ तुकडा निघाला. त्याने तो उलटा करून पाहिला, उजेडात धरला, नाकाशीही नेला. वकिलाचा कागद तर तो नक्कीच नव्हता.

"हे काय हाय?"

"गादी, काकाजी," स्वप्निल गोंधळून म्हणाला. "गेमच्या मशीनची. आत चिप राह्यते ना, तिच्यावर बसते. चिपची गरमी वरच्या पाटीत नेऊन सोडते. जुनी वाळली का गरमी आतच कोंडते, मशीन बंद पडते. थर्मल पॅड म्हनतेत, आमी गादी म्हनतो."

"कोनती मशीन?"

"तुमीच पेटीत टाकून ठेवली होती ते," ओमेश खाली बघत म्हणाला. "मी बारावीत नापास झालो तवा. मामाने देल्ली होती. तुमी म्हनले होते, पुन्हा दिसली त विहिरीत फेकीन. म्हनून नाही सांगतलं."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता अख्खं दुकान हसू लागलं. ट्रॅक्टरवाले हसले, हमाल पोत्यावर बसून हसला. चुन्नीलालच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. गादी शाबूत होती, पोरगा आपलाच होता. तोही हसला, जरा जास्तच मोठ्याने हसला. हसता हसता त्याने ओमेशकडे पाहिलं. ओमेश खोळीची नीट घडी घालत होता.

गर्दी ओसरल्यावर चुन्नीलालने फर्मान काढलं की ती मशीन इथेच, काउंटरवर, त्याच्या डोळ्यांसमोर दुरुस्त व्हावी. आपण पोरावरचा राग सोडला हे दाखवायची ही त्याची रीत होती. मशीन खरोखर आहे की नाही हेही त्याला बघायचं होतंच. जित्याची खोड एका दुपारी थोडीच जाते.

ओमेशने घरून तो काळा खोका आणला आणि स्वप्निलने उघडला. आतल्या धातूच्या पाटीखाली चिपांवर राखाडी तुकडे चिकटलेले होते. बोट लावलं की त्यांचा भुगा होत होता. केस वाळवायच्या यंत्राने स्वप्निलने त्यांना शेक दिला आणि प्लास्टिकच्या कार्डाने अलगद सोडवले. चुन्नीलालला त्या यंत्राचा उलगडा झाला, तेव्हा त्याने नजर दुसरीकडे वळवली. मग स्पिरिटने चिपा पुसल्या. ओमेशने जुन्या तुकड्याची जाडी स्टीलच्या पट्टीने पुन्हा मोजली.

"जाड झाली त पाटी मोठ्या चिपवर टेकत नाही," तो स्वप्निलला म्हणाला. "पातळ झाली त मधात फट राह्यते."

स्वप्निल नवे तुकडे कापून बसवू लागला. चुन्नीलाल वरून वाकून बघत होता. पाटी आता बसवणार एवढ्यात त्याने स्वप्निलचा हात धरला.

"थांब. त्या कोपऱ्यातल्या तुकड्यावर काहीतरी चमकून राह्यलं."

स्वप्निलने नखाने खरवडलं. तुकड्यावरचा पारदर्शक पापुद्रा काढायचाच राहिला होता. तो तसाच राहिला असता तर सगळी मेहनत फुकट गेली असती.

"मानलं काकाजी!" स्वप्निल हसत म्हणाला. "तुमच्या नजरेतून काहीच सुटत नाही."

चुन्नीलाल खूश झाला. आता पोरगाही हसेल म्हणून त्याने ओमेशकडे पाहिलं. ओमेश म्हणाला, "हो, बाबाची नजर लय बारीक हाय." आणि स्क्रू मोजून देऊ लागला. मशीन सुरू झाली, पंखा हलक्या आवाजात फिरत राहिला, तासभर चालूनही ती बंद पडली नाही. स्वप्निलने ओमेशला खेळायला बसवलं. तो थोडा वेळ खेळला आणि घरी निघून गेला.

सकाळी ओमेश रोजच्या वेळेला दुकानात आला. झाडलोट केली, पोती मोजून लावली. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने मोठी नोट दिली. एरवी ओमेश सरळ गल्ला उघडून सुटे काढून देई. आज तो गल्ल्यापाशी येऊन थांबला. हात मागे बांधलेले.

"बाबा, सुटे घेऊ का?"

चुन्नीलालला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. त्याने वर पाहिलं. चेष्टा नव्हती. रागही नव्हता. बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसा तो अदबीने उभा होता.

"घे ना."

दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच. तिसऱ्यालाही तेच. लोक एकमेकांकडे बघू लागले. दुपारपर्यंत चुन्नीलालच्या कानात तो एकच प्रश्न घुमू लागला.

"अरे, सारखा इचारून कायले राह्यला?" शेवटी तो म्हणाला.

"तुमीच सांगतलं ना बाबा."

"मी रागात बोललो बापा."

"हो बाबा."

एवढंच बोलून तो पोतं उचलायला गेला. माझं चुकलं, हे चुन्नीलालच्या जिभेवर आलं होतं. ते शब्द त्याने जन्मात कोणाला म्हटले नव्हते, त्यामुळे कुठून सुरुवात करावी हेच त्याला कळेना. त्याला फार वाईट वाटत होतं. ज्या एका माणसाला त्याने कधी तपासलं नव्हतं, त्यालाच भर दुकानात चोर म्हटलं होतं, आणि विचारलं एकदाही नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारी कीटकनाशकाची बाटली घेऊन पैसे द्यायला आली. ओमेश पुन्हा गल्ल्यापाशी येऊन उभा राहिला. तेव्हा चुन्नीलाल हाताचा टेका घेऊन गादीवरून उठला. दुसऱ्याला जागा द्यायला तो आपणहून असा कधी उठला नव्हता. त्याने खोळीवरची सुरकुती हाताने सारखी केली.

"बस इथं," तो म्हणाला. "आता तूच बस."

ओमेशने गादीकडे पाहिलं आणि मग बापाकडे.

"नको बाबा. मले गादी नाही पाह्यजे. मी तुमच्यासाठी आलो होतो."

म्हातारी हात पुढे करून वाट बघत होती.

"सुटे घेऊ का?" ओमेशने विचारलं.

"घे," चुन्नीलाल म्हणाला.